दोन किलो पाप

झरी गावच्या पारावर कापूस मोजायचा काटा मांडला होता आणि त्यावर माणसं मोजली जात होती. सकाळी वजन, मग गावात राहुटी ठोकलेल्या महाराजांच्या अंगाऱ्याची पुडी, संध्याकाळी पुन्हा वजन. दोन किलो हटकून कमी. अट एकच, दिवसभर पाणी प्यायचं नाही.

"पाप हाय ते, मुतून चाललंय!" महाराज गरजायचे. "पानी पिलात की परत चढलं!"

माणसं टमरेल घेऊन रानात पळायची आणि हसत परत यायची. इतक्या स्वस्तात पाप जात असेल तर कोण सोडतंय?

सरकारी दवाखान्यात नर्स असलेल्या रेणुकाची आई, पार्वतीबाई, त्यांतलीच. गुडघेदुखीच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाऊन तिच्या किडन्या अधू झालेल्या, पाय सुजलेले. डॉक्टरांनी लघवी वाढवणारी गोळी दिली, तर ती गुपचूप उकिरड्यात टाकायची. रेणुकानं पकडलं तेव्हा म्हणाली, "त्या गोळीनं किडनी जाती म्हनं." अंगाऱ्यानं मात्र चार दिवसांत सूज उतरली.

"बघ गं, तुज्या डाक्टरला जमलं न्हाई!"

नवव्या दिवशी ती चुलीपुढं कोसळली. परभणीत रक्त तपासलं, तर अंगातलं पाणी आटलेलं, क्षार तळाला गेलेले.

"लघवीच्या गोळ्या किती घेतल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकही नाही," म्हणताना रेणुकाला पुडी आठवली. ती तडक झरीला आली. महाराजांच्या राहुटीमागं गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचा खच पडला होता. नाव वाचून तिला रडूच फुटलं. मायनं उकिरड्यात टाकलेली तीच गोळी, इथं राखेत कुटून मुठीनं वाटत होते.

गावातले म्हातारे किशनराव नुकतेच काट्यावरून उतरले होते, दोन किलोंनी हलके. रेणुकानं दोन तांबे पाणी पुढं केलं. तहानेनं व्याकूळ झालेला म्हातारा घटाघटा प्याला.

"आता चढा काका."

काटा दोन किलोंनी वर गेला.

"पाप तांब्यात होतं का?" तिनं राहुटीमागून गोळा केलेली पाकिटं काट्यावर ओतली. "किडनी रक्त गाळते आन् मीठ-पाणी बहुतेक परत रक्तात घेते. ही गोळी मीठ परत घेऊ देत न्हाई, मिठामागं पाणी जातं. सूज असंल त्याला मोजून दिली, रक्त तपासत ऱ्हायलं तर औषध. मुठीनं देऊन वर पाणी तोडलं तर जीव जातो."

"श्रद्धा कमी पडली!" महाराज ओरडले, पण चपला शोधत.

"पन सूज तर उतरली न्हवं?" गर्दीतून कुणीतरी म्हणालंच. रेणुकाला त्या माणसाची कीव आली आणि संतापही.

पार्वतीबाई वाचली, किडन्या मात्र गेल्या. आता आठवड्यातून दोनदा परभणीला डायलिसिस. मशीनवर जाण्याआधी वजन, उतरल्यावर वजन. दोन किलो कमी.

बाबांनो, डॉक्टरला दहा प्रश्न विचारता, चांगलं करता. अंगारा देणाऱ्याला एकच विचारा: यात घातलंय काय?