मूरियलच्या घरात माझं नाव नको होतं

मी एक शब्द आहे आणि आज स्वतःच बोलतोय. तुम्ही मला कोळसा म्हणता, आमच्या इंग्लंडातल्या डरहॅमच्या किनाऱ्यावर मला कोल म्हणतात. शब्दाने स्वतःची कहाणी सांगावी असं काही मोठं मी केलेलं नाही. केलं ते बहुतेक लाजिरवाणंच.

जन्मलो तेव्हा मी असा नव्हतो. फार पूर्वी इथल्या बायका माझं नाव घ्यायच्या ते चुलीतल्या लालबुंद निखाऱ्यासाठी. चूल विझली की शेजारणीकडे जाऊन मलाच मागायच्या. समुद्रापलीकडे जर्मनांच्या, डचांच्या तोंडी माझे चुलतभाऊ आहेत, तेही असेच आगीपाशी वाढले. पुढे निखारा विझल्यावर उरणाऱ्या काळ्या तुकड्यालाही लोक माझंच नाव देऊ लागले. शब्दाला विचारतो कोण?

मग किनाऱ्यावर लाटांबरोबर वाहून येणारे काळे दगड जळतात, हे लोकांच्या ध्यानात आलं. त्यांना समुद्रकोळसा म्हणू लागले. हळूहळू 'समुद्र' गळून पडला, लाकडाच्या कोळशाला वेगळं नाव शोधावं लागलं आणि मी कायमचा दगडाचा झालो. खरं सांगतो, तेव्हा मी हुरळून गेलो होतो. जहाजं माझी, आगगाड्या माझ्या, राजधानीतला धूरसुद्धा माझा! माझं नाव घेत माणसं जमिनीखाली उतरत होती, काही वर येतच नव्हती, आणि मी मिरवत होतो. उगाळावा तितका काळाच, असं तुम्ही म्हणता ते खोटं नाही.

विल्फ हा त्या उतरणाऱ्यांपैकी एक. "आज कोळसा चांगला लागला," असं तो घरात शिरताशिरताच सांगायचा.

"लागलेला दिसतोय कानाला. आधी धू," त्याची बायको मूरियल अंघोळीचं पाणी काढत म्हणायची.

खाण बंद पडली, पण विल्फचा खोकला बंद झाला नाही. त्याच्या छातीत काय साचलंय ते डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माझंच नाव घेतलं. मला तोंड लपवायला जागा उरली नाही. विल्फ गेला, आणि मूरियलने सगळ्यांना बजावलं, "हे नाव पुन्हा या घरात नको."

आता आमच्याकडची रीत अशी, की नव्या वर्षी उंबरा ओलांडणारा पहिला माणूस काळ्या केसांचा पुरुष असावा आणि त्याच्या हातात कोळशाचा खडा असावा. मग वर्षभर घरात ऊब राहते. तो रिकाम्या हाताने आला, तर घराचं काही खरं नाही. आमच्या गल्लीत हा मान नॉरीचा. नॉरी विल्फचा खाणीतला जोडीदार आणि मूरियलचा भिंतीला भिंत लागून शेजारी. विल्फ गेल्यानंतरच्या नव्या वर्षी तो नेहमीच्या सवयीने खडा घेऊन, हसतमुखाने तिच्या दारात उभा राहिला.

"विल्फच्या छातीत कमी पडला होता का?" मूरियलने विचारलं आणि दार लावून घेतलं.

तेव्हापासून दोघं बोलेनाशी झाली. तिला मूलबाळ नाही, नॉरीही एकटाच. एका भिंतीच्या दोन बाजूंना दोघं म्हातारी झाली, आणि मधे मी.

या हिवाळ्यात मूरियल घसरून पडली. इस्पितळातून घरी आली ती काठी टेकत. नव्या वर्षाच्या सकाळी नॉरीने तिचं दार वाजवलं. त्याचे दोन्ही तळहात उघडे होते.

"रिकाम्या हाताने?" मूरियल म्हणाली. "पडून वाचले, ते बघवलं नाही वाटतं!"

"तुझ्या दारात काय आणावं ते कळेना."

"पाव आणायचास."

"दुकान बंद आहे."

तिने त्याच्या तुळतुळीत डोक्याकडे पाहिलं. "आणि काळे केस?"

"ते विल्फबरोबर गेले."

ती हसली नाही. त्याला आत पाऊल टाकवेना, तिला दार लावून घेववेना. मी नॉरीच्या जिभेवरच होतो, पण त्याने ओठ घट्ट मिटले होते. हे दार पुन्हा माझ्यामुळेच बंद होणार, असं वाटून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कोळसा कुठाय?" मूरियलने विचारलं.

नॉरीने कोटाच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली.

"मेल्या! खिशात होता?"

"तू नाव काढल्याशिवाय बाहेर काढायचा नाही, असं ठरवलं होतं."

"मोठा शहाणा! पाय पूस आणि ये."

तिच्या घरात आता कोळशाची शेगडीच नाही. खडा टेबलावर राहिला. चहा पिता पिता नॉरीला ढास लागली, ती काही केल्या थांबेना. मूरियलने कप खाली ठेवला.

"तुलाही झालंय ना?"

"आहे थोडं."

"मग भिंतीवर थाप मारायची होतीस."

"खोकत होतो की. वेगळी थाप कशाला?"

"ऐकत होते," मूरियल म्हणाली. तिने मान खाली घातली, आणि मला त्या टेबलावर बसवेना.

मला माफ करू नका, मी ते मागतही नाही. पण तुमच्या भिंतीपलीकडे कुणी खोकत असेल, तर माझ्यावरचा राग त्याच्यावर काढू नका. उठा आणि त्याचं दार वाजवा.