देवदाराच्या ढलप्या

“गोमाजी, हिची साल कुठे गेली रे?”

चिंतामणरावांच्या हातात देवदाराची चकती होती. पोळपाटाएवढी, आणि अशी गुळगुळीत की माशी बसली तर घसरावी. गोमाजी सुतार शाबासकीची वाट पाहत उभा होता. साठी उलटली होती गड्याची, पण शाबासकी म्हटली की अजून कान टवकारायचा.

“साल व्हय? काढली की! सालीखालचं कवळं लाकूडबी तासलं. भुंगा पयला थितंच लागतो. बाराच्या बारा साफ केल्या बगा.”

चिंतामणराव मटकन ओट्यावर बसले. माणूस मूळचा महाडचा, नोकरी डेहराडूनला जंगलखात्यात. हिमालयातली लाकडी देवळं कधी बांधली, हे ते लाकडातल्या वलयांवरून शोधत होते. दुरुस्तीत काढलेल्या तुळयांची ही टोकं त्यांनी गावोगाव मिनतवाऱ्या करून, देवाचा कौल घेऊन मिळवलेली. १९३३च्या उन्हाळ्यात रजेवर येताना चकत्या उमरठला आणल्या, कारण गोमाजीसारखा रंधा मारणारा हात त्यांना तिकडे भेटला नव्हता. ‘लख्ख करून ठेव’ एवढंच सांगून ते महाडला गेले होते.

“वर्षाला एक वलय,” ते हळूच म्हणाले. “वलयं जिवंत झाडांशी जुळवत मागे जायचं. पण झाड तोडलं कधी, ते सालीलगतचं शेवटचं वलय सांगतं. तेच गेलं बघ. चूक माझीच, मी बोललो नाही. परवा सकाळी मला निघायचंय.”

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर गोमाजीला बरं वाटलं असतं. चाळीस वर्षांत त्याच्या हातून कुणाचं लाकूड वाया गेलं नव्हतं. आता हे! तोंड दाखवायची सोय राहिली नाही. त्यानं बायकोला हाक मारली.

“साळू! त्या ढलप्या कुठं हायत गो?”

“थोड्या चुलीत घातल्या. काय वास सुटला व्हता! बाकीच्या आळीत वाटल्या. गोधड्यांत ठेवल्या का कसर लागत नाय.”

गोमाजीनं टोपली उचलली आणि दारोदार फिरला. शेजारची प्रयागबाई तर कमरेवर हात ठेवून आडवीच आली.

“दिलेलं परत मागतोस? लाज नाय वाटत?”

“वाटते गो. म्हनून तर आलोय.”

ती हसली, आणि घरातली एकूण एक गोधडी तिनं झटकून दिली.

मग तो जो बसला, तो उठेचना. साल तासताना वाकस कुठे कसा बसला होता, ते त्याच्या हाताला ठाऊक होतं. ढलपी उचलायची, फिरवायची, चकतीच्या कडेला लावायची, जुळली की सुतळीनं बांधायची. “आता ढलप्याच खा,” म्हणत साळूबाईनं भाकरी तिथंच आणून ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नऊ चकत्यांना साल लागली. उरलेल्या तीन चकत्यांच्या ढलप्या चुलीत गेल्या होत्या.

चिंतामणराव आले, भिंग लावून वाकले आणि पोरासारखे हसले. “नऊ! अरे गोमाजी, नऊ पुष्कळ झाल्या!”

गोमाजीनं एक चकती उलटी केली. मागच्या बाजूला रंधा लागला नव्हता. तिथे जुन्या कुऱ्हाडीचे घाव होते.

“ह्ये बगा. उजव्या हाताचा घाव असा पडत नाय. तोडनारा डावरा व्हता.”

“इतकी वर्षं बघतोय, मला नाही दिसलं हे,” चिंतामणराव म्हणाले. त्यांनी वही काढली आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, “तोडणारा डावखुरा. सांगणारा गोमाजी सुतार, उमरठ.”

गोमाजीला फार बरं वाटलं. आपलं नाव असं कुणी लिहील, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. मग त्याची नजर उरलेल्या तीन चकत्यांवर गेली.

“तीन वाया गेल्या, तेबी लिवा. गोमाजीच्या हातनं गेल्या म्हनावं.”

“ते कशाला रे?”

“लिवा. नायतर वरचं खोडा.”

चिंतामणरावांनी लिहिलं. गोमाजीला अक्षर वाचता येत नव्हतं, तरी ओळ पुरी होईपर्यंत तो वहीवर नजर ठेवून उभा राहिला.