घेवड्याच्या मुळावरचा बिऱ्हाडकरू

मी घेवड्याच्या मुळावरच्या गाठीतून बोलतोय. वाकून शोधू नका, दिसणार नाही. मी मातीतला एक जिवाणू. माझ्या जातीचे असंख्य मिळून मोहरीएवढ्या गाठीत बिऱ्हाड करतो. माणसं हवा नुसती ओढतात आणि सोडतात. आम्ही तिच्यातलं नत्र धरून रोपाला खाऊ घालतो. रोप आम्हाला साखर देतं. त्यामुळे घरमालक कोण, यावरून आमच्यात आजवर भांडण झालेलं नाही. माणसांना हे जड जातं, असं ऐकतो.

माझा जन्म शिरवळच्या खालच्या अंगाला, नाथाजीच्या वावरात. लढाई संपली त्याच्या पुढच्या साली, मृगावर त्यानं घेवडा पेरला. कोवळं मूळ खाली आलं, आमची ओळख पटली आणि मी आत शिरलो. घेवडा फुलायच्या आत नाथाजी मात्र गेला. साध्या तापाचं निमित्त.

त्याचा मुलगा आकाराम पलटणीतून सुटून घरी पोचला, तेव्हा तेरावाही उरकला होता. आईशी, शालूबाईशी, काय बोलावं ते त्याला सुचेना. म्हणून तो वावरात आला आणि पलटणीत अंगवळणी पडलेलं काम करू लागला: इन्स्पेक्शन! हात मागे बांधून ओळीओळीनं फिरायचा. रोपांनी सलाम ठोकावा, अशी त्याची अपेक्षा असावी.

एका सकाळी त्यानं एक रोप उपटलं, मुळं झटकली आणि आम्ही उघडे पडलो.

"आये, रोग हाय ह्याला! मुळास्नी गाठी धरल्यात."

"आसंल. पर पानं तर हिरवीगार हायती."

"पानाचं काय सांगतीस? पलटणीत एक गडी शिक झाला, आजारी पडला, की आख्खी बराक शिक. समदा पट्टा उपटून जाळाय पायजे."

आणि लागला की उपटायला!

शालूबाई धावत आली आणि त्याच्यापुढं ओळीतच बसली. "तुज्या बापानं पेरलेलं हे शेवटचं. तेच्या हातचं दुसरं काय ऱ्हायलंय रं? बी तरी धरू दे मला. उपटायचंच आसंल तर आदी मला उपट."

आकाराम थांबला, पण हटला नाही. पलटणीतल्या माणसाला माघार घ्यायलाही वरून हुकूम लागतो. आपलं खरं करून दाखवायला त्यानं एक गाठ नखानं फोडली.

आत लाल निघालं.

ते रक्त नव्हे. हवेतला प्राणवायू जास्त आत आला की आमचं काम बंद पडतं, म्हणून रोपानं आणि आम्ही मिळून ठेवलेला तो लाल पहारेकरी. पण बोटावरचं लाल बघून आकारामचा चेहरा उतरला. लढाईत काय पाहिलं, ते त्यानं घरी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"आये, ह्यात रगात हाय."

शालूबाईनं त्याचं बोट हातात घेऊन पाहिलं. "मंग जित्तं हाय म्हन की ते. जित्त्याला कशाला मारतोस?"

तो मटकन तिच्याशेजारी बसला आणि बापासाठी पहिल्यांदा रडला. दोनचार रोपं त्याच्याखाली मोडली. आम्ही तक्रार केली नाही.

शेंगा वाळल्या की घेवडा मुळासकट उपटायची इकडची रीत. शालूबाईला आता ते बघवेना. तिनं विळ्यानं बुडाशी कापला. शेजारचा भाऊसो बांधावरून हसला, "काकी, घेवड्याची हजामत चालवली व्हय?" हसू दे बापडा. मुळं मातीत राहिली, गाठी विरल्या आणि मी पुन्हा मोकळा झालो. आमची नत्राची शिल्लक मागाहून पेरलेल्या शाळवाला मिळाली. ज्वारी अशी माजली की भाऊसो हसायचा विसरला.

तुम्हाला विनंती एवढीच, की मुळावर गाठ दिसली तर लगेच निकाल देऊ नका. आधी हिरव्या पानांकडं बघा.

शाळू निसवला, कणसं बाहेर पडली, तेव्हा मायलेक बांधावर उभे होते.

"तुज्या बापाच्या हाताला गुनच तसा हुता," शालूबाई म्हणाली.

"व्हय," आकाराम म्हणाला.

मी खाली मातीत ऐकत होतो. मला तोंड नाही. असतं तरी खुलासा केला नसता.