विजोड चपलांची आत्या

थोरल्याला आणि धाकटीला आत्यानेच वाढवलं. आई गेली तेव्हा धाकटीला नीट चालताही येत नव्हतं. वडील जहाजावर नोकरीला, वर्षातून एकदा उगवणार आणि ओळख पटेपर्यंत परत निघणार. आत्या इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. घरी आली की स्वयंपाक, अभ्यास, भांडणं सोडवणं, आणि हात मोकळा झालाच तर फाटक्या कपड्यांवर भरतकाम. "भोक झाकायचंच आहे, तर निदान फूल तरी काढावं," म्हणायची. धाकटीच्या हाती पहिली सुई तिनेच दिली.

मोठेपणी धाकटी पडदे शिवणाऱ्या दुकानात लागली आणि सुट्टीच्या दिवशी घरातल्या आठवणी कापडावर भरू लागली. उशांच्या जुन्या अभ्र्यांवर, टॉवेलांवर, हाताला येईल त्यावर. दुकानात पडदे शिवायला टाकायला आलेल्या एका बाईंनी तिच्या पिशवीतला असाच एक अभ्रा पाहिला. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचं प्रदर्शनाचं दालन त्या सांभाळायच्या. "हे कपाटात ठेवायचं काम नाही," त्या म्हणाल्या, आणि प्रदर्शन ठरलंसुद्धा.

सगळ्यात मोठं काम एका पांढऱ्या चादरीवर होतं. धाकटीने ते घरी कुणालाच दाखवलं नव्हतं. त्यात होती धावत येणारी आत्या. केस सुटलेले, वाफेने चेहरा लालबुंद, अंगात कामाचा एप्रन, आणि पायांत दोन वेगळ्याच चपला.

पहिल्या दिवशी आत्या ठेवणीतले कपडे घालून, केस चापूनचोपून बसवून आली. चादरीपुढे थबकली.

"ही अवदसा कोण?"

थोरला फस्सकन हसला. आजूबाजूचे लोकही हसले. आत्याने एकवार सगळ्यांकडे पाहिलं आणि तरातरा बाहेर जाऊन जिन्यात बसली.

धाकटी मागोमाग गेली.

"घरात मी कशीही असेन," आत्या तिच्याकडे न बघता म्हणाली, "पण चारचौघांत? निदान केस तरी विंचरायचे होतेस माझे!"

"आत्या, माझा हात मोडला तो दिवस आहे तो. शाळेच्या भिंतीवरून पडले होते बघ. ऑफिसातल्या बाकावर बसवलं होतं मला. वाटत होतं, कुणी येणारच नाही. मग तू दारात दिसलीस, आणि माझं लक्ष तुझ्या पायांकडे गेलं. पायात काय घातलंय तेही न बघता धावलीस तू. हात दुखतच होता, पण भीती पळाली." धाकटी तिच्या शेजारी पायरीवर बसली. "तुझे आभार मानायचे होते गं. बोलून जमत नाही मला."

आत्या नाक पुसत म्हणाली, "घरच्या माणसांचे आभार मानतात होय? उद्या पाहुण्यासारखी बेल वाजवून येशील." आणि थोडं थांबून, "शिवाय चप्पल चुकलीय."

"म्हणजे?"

"दुसरी तू निळी केलीस. काळी होती, मुकादमाची. इस्त्रीखोलीच्या दाराशी सगळ्यांच्या चपला असायच्या. शाळेचा निरोप आला आणि मी पाय घातला तो त्याच्या चपलेत. तो बिचारा माझी दुसरी घालून लंगडत फिरला. संध्याकाळी चप्पल न्यायला घरी आला, तर तुझ्यासाठी संत्री घेऊन. पुढे मला मागणीही घातली त्याने."

धाकटीने डोळे विस्फारले. "आणि तू आमच्यासाठी नाही म्हणालीस?"

"छे! घोरायचा मेला. दुपारच्या सुट्टीत खिडक्या थरथरायच्या."

दोघी इतक्या हसल्या की काय झालं ते बघायला थोरला बाहेर आला.

दालनात 'हात लावू नये' अशी पाटी होती. तरी धाकटीने विचारल्यावर व्यवस्थापक बाईंनी स्वतःच खुर्ची आणून चादरीपुढे ठेवली. आत्याने चष्मा चढवला. निळे टाके हलक्या हाताने उसवले. धाकटीने काळा दोरा ओवून दिला आणि आत्या साखळी टाक्याने मुकादमाची चप्पल भरू लागली. बोटं आता पूर्वीसारखी वळत नव्हती. टाके थोडे वाकडे पडत होते. धाकटीने एकही सरळ केला नाही.

हळूहळू लोक जमले. एका आजोबांनी विचारलं, "ही चित्रातली बाई कोण हो?"

"मीच ती," आत्या मान वर न करता म्हणाली. "आणि हात मोडून घेणारी ही. बसा, सांगते."

धाकटी भिंतीशी उभी राहून ऐकत होती. तिला माहीत असलेली गोष्ट आत्याच्या तोंडून कितीतरी मोठी निघत होती, आणि आपल्या वाट्याला ही बाई आली याचं तिला पुन्हा पुन्हा नवल वाटत होतं.