मोसंबीचं भोक

सप्टेंबर २००१. न्हावऱ्यात सावळारामआप्पांच्या मोसंबीच्या बागेत रोज सकाळी टोपलीभर फळं गळत होती. प्रत्येक फळाला टाचणीएवढं भोक, भोवती तपकिरी डाग आणि डागावर मधमाश्या.

बांधावरच्या चिंचेवर आग्या मोहोळ होतं. ते जाळायला आप्पांनी मजूर भैरूला सांगितलं. शेजारची ललिता काकडीची खुरपणी टाकून आली.

"आप्पा, माश्या गेल्या तर माझ्या काकडीला फळच धरायचं न्हाई."

"आन् माझी मोसंबी? डोळ्यानं बघतोय, भोकात तोंड घालून बसल्यात."

"पाडताना बघितलंय का?"

"मग काय मी पाडलं?"

"तुमचा दात एवढा बारीक कुठं हाय?"

आप्पांनी हसू दाबलं आणि गुरुवारपर्यंत मुदत दिली.

सोमवारी ललिताने झाडावरची वीस धड फळं निवडली. दहा फळं दिवसा कापडी पिशवीत, रात्री उघडी. उरलेली दहा रात्री पिशवीत, दिवसा उघडी. आप्पांची अट एकच होती, पिशव्या तेच बांधणार आणि तेच सोडणार.

गुरुवारी दिवस मावळताना दोघांनी फळं तपासली. दिवसा उघडी असलेली दहाही धड होती. रात्री उघडी असलेल्यांपैकी सात फळांना भोकं पडलेली. आप्पांनी पुन्हा मोजलं. पिशव्यांची अदलाबदल झाली म्हणावं, तर बांधल्या त्यांनीच होत्या.

"म्हंजी माशी रातची येती?"

तेवढ्यात एका फळावर वाळक्या पानासारखं काहीतरी बसलं. पंख हलले तसा आतला नारिंगी रंग दिसला. ललिताने ते फडक्यात धरलं. पतंग होता. गळालेल्या फळावरची एक मेलेली माशी तिने शेजारी ठेवली. आप्पांनी दोन्हींच्या तोंडाला बोट लावलं. माशीची जीभ मऊ केसासारखी वाकली. पतंगाची सोंड टोचली.

"नांगी हिला, आन् टोचतोय हा? दिव्यावर येऊन मरतो तो?"

भैरू पेटता टेंभा घेऊन आला. "आप्पा, चढू का?"

आप्पांनी चिंचेकडे पाहिलं, मग फडक्याकडे.

"नको. बागेत ओला पाला पेटव, धूर कर, म्हंजी पतंग यायचं न्हाईत."

"आन् मोहोळ?"

"राहू दे. मला अजून उमगलं न्हाई, पण राहू दे."

सकाळी पाचच फळं गळाली होती. त्यांवर माश्या बसल्या होत्या. हाकलायला आप्पांचा हात उठला आणि तसाच थांबला.