बालाघाट क्लबची शेवटची रॅली

महारुद्रचं लग्न झालं तेव्हा धाराशिवात बायपासला त्याचं टायरचं दुकान होतं, दारात एक जुनी जिप्सी होती आणि तोंडात शब्द मोजकेच होते. शिवकांता शाळेत गणित शिकवायची. दिवसभर पोरांपुढं घसा कोरडा करून घरी यायची, तर इथं नवरा ताटावर बसून 'मीठ दे' याच्या पलीकडं जायचा नाही. माणूस वाईट नव्हता. हात उचलणं नाही, पिणं नाही. पण घरात दोन माणसं राहतात असं शेजाऱ्यांना आवाजावरून कधी कळलं नसतं.

मग एका वर्षी बालाघाट मोटर क्लबच्या रॅलीत महारुद्रच्या शेजारी बसणारा माणूस ऐन वेळी तापानं पडला. महारुद्र दारात उभा राहून म्हणाला, "तुला गणित येतंय. चल."

रॅली म्हणजे शर्यत नव्हे, हे शिवकांताला त्या दिवशी कळलं. कुठल्या रस्त्यानं जायचं आणि कुठल्या टप्प्यात किती वेग ठेवायचा, ते कागदावर ठरवून दिलेलं असतं. चेकपोस्टला उशिरा पोचलं की गुण कापतात, लवकर पोचलं तरी कापतात. एक जण गाडी चालवतो, शेजारचा हिशोब करून त्याला सांगत राहतो. त्याला नॅव्हिगेटर म्हणायचं. शिवकांता सांगत गेली आणि महारुद्र ऐकत गेला. "आता जरा ओढा." "ओढतो." "पुलानंतर डावीकडं." "घेतली." मधेच तो म्हणाला, "ह्या गावात माझी मावशी असायची. लई जीव लावायची." लग्नाला तीन वर्षं झाली होती, आणि या मावशीचं नाव तिनं पहिल्यांदा ऐकलं. त्यांना बक्षीस काही मिळालं नाही. पण परतताना तो तुळजापूरच्या घाटात गाडी थांबवून उगाचच उसाचा रस प्याला आणि तिलाही पाजला.

तिथून पुढं दरवर्षी तीच त्याच्या शेजारी बसू लागली.

क्लब म्हणजे काय, तर रविवारी सकाळी महारुद्रच्या दुकानामागच्या पत्र्याखाली जमणारी मंडळी. टायरांच्या चळतीवर कुणी वकील बसलेला, कुणी द्राक्षबागायतदार, कुणी मेडिकलवाला. शिवकांता घरून पातेलंभर सुशीला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणीचा नाष्टा, करून आणायची, वर शेव आणि कच्चा कांदा. मग कुणाच्या गाडीचा आवाज कसा बदललाय, कुणाची पोरगी नीटच्या परीक्षेला बसलीय, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, सगळं त्या पत्र्याखाली निघायचं. वैजनाथ हा क्लबचा कायमचा सेक्रेटरी. त्याचं बी-बियाण्यांचं दुकान होतं आणि वाशी तालुक्यात शेत. हिवाळ्यात सगळ्यांना बायका-पोरांसकट हुरड्याला बोलवायचा. पहिल्या वर्षी बायका शिवकांताकडं बघून कुजबुजल्या, की ही पुरुषांत बसून नकाशे काय काढते. दुसऱ्या वर्षी त्यांतल्याच दोघी नवऱ्यांच्या शेजारी पट्टा लावून बसल्या.

ते दिवस सरले. पोरं पुण्याला गेली, त्यांच्यामागं काही आई-बापही गेले. ज्यांनी मोठ्या गाड्या घेतल्या त्यांना आडवाटेच्या धुळीत त्या घालवेनात. रविवारी सुशीला उरायला लागली. वैजनाथ तरी डबा भरून घेऊन जायचा. "वाया कशाला घालवता, वहिनी," म्हणायचा.

अशाच एका हुरड्याच्या दिवशी शिवकांताला पहिला धक्का बसला. महारुद्रच्या उजव्या मांडीलगत कुणीतरी हुरड्याची परात आणून ठेवली होती. तो उठला आणि सरळ परातीत पाय दिला. हुरडा, शेंगदाण्याची चटणी, सगळं मातीत. मंडळी खदखदून हसली. "काय राव, सकाळीच?" वैजनाथ ओरडला. महारुद्रही हसला. शिवकांता हसली नाही. गेले काही महिने तो दाराच्या चौकटीला खांदा आपटत होता. ओट्यावरचा पेला त्याच्या कोपरानं तीनदा पडला होता. तिला वाटायचं, लक्ष नसतं ह्यांचं.

ती त्याला सोलापूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टरांनी यंत्रात डोकं घालायला लावलं, ठिपके दाखवले, बराच वेळ घेतला. मग म्हणाले, "काचबिंदू आहे. समोरचं स्वच्छ दिसतंय, म्हणून ह्यांना कळलंच नाही. पण बाजूचं दिसणं बरंचसं गेलंय. गेलेलं परत येत नाही. थेंब घालून उरलेलं जितकं टिकेल तितकं टिकवायचं. आणि गाडी आजपासून बंद."

परतीच्या रस्त्यावर गाडी महारुद्रच चालवत होता. तिला चालवता येत नव्हती. तामलवाडी मागं पडल्यावर तो म्हणाला, "पुढच्या महिन्यातली रॅली तेवढी करू. मग किल्ली तुझ्या हातात देतो."

"डॉक्टर काय म्हणाले ऐकलं ना तुम्ही?"

"ऐकलं. तू हाईस की शेजारी. तू सांग, मी चालवतो. आजवर तसंच तर केलं."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. नाही म्हणायला हवं होतं, हे तिला त्याच क्षणी कळत होतं. पण तिच्या मनात आलं ते वेगळंच. ह्यांनी गाडी सोडली तर आपण दोघं बोलणार कशावर? एवढ्या वर्षांत जे काही बोलणं झालं ते ह्या दोन सीटांवर बसून झालं होतं. घरातलं तर 'मीठ दे'च्या पुढं अजूनही गेलं नव्हतं.

"क्लबात बोलू नको," तो म्हणाला.

"नाही बोलत," ती म्हणाली.

त्या वर्षी रॅलीला जेमतेम सात गाड्या आल्या. वैजनाथनं तरीही मंडप घातला, हलगीवाले बोलावले, नारळ फोडला. वाट धाराशिवातून बेंबळी आणि तिथून आडवाटेनं जळकोटपर्यंत होती. महारुद्रनं नवा पांढरा शर्ट घातला होता.

सुरुवातीचा टप्पा असा गेला, की शिवकांताला वाटलं, डॉक्टर उगाच घाबरवतात. ती कागदावरचं तर सांगत होतीच, पण त्यात नसलेलंही सांगत होती. "उजवीकडं ट्रॅक्टर, ऊस बाहेर आलाय." "डावीकडून सायकल, थोडं थांबा." "शाळा सुटलीय, पोरं दोन्हीकडं आहेत." त्याचे हात तिच्या शब्दांमागून अचूक फिरत होते. ज्वारी पिकायला लागली होती, हवेत गारवा होता. बेंबळीच्या चेकपोस्टला ते अगदी ठरल्या वेळी पोचले. महारुद्रनं मान पुरती वळवून तिच्याकडं बघितलं. "बघितलंस? काय अडलंय?" तो म्हणाला. इतका खुशीत तिनं त्याला कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता.

बेंबळीच्या पुढं रस्ता अरुंद झाला आणि ठरवून दिलेला वेगही बदलला. नवा हिशोब मांडायला हवा होता. शिवकांतानं मान खाली घातली. एक वजाबाकी करायची होती, तेवढीच.

धाडकन आवाज झाला. गाडी तिरकी होऊन बाभळीच्या कडेला थांबली.

"काय होतं?" महारुद्र विचारत होता. "शिवकांता, काय होतं? समोर तर कायबी नव्हतं!"

डाव्या बाजूच्या बांधावरून मेंढरं रस्त्यावर उतरत होती. दोन रस्त्यातच पडली होती. त्यांच्या मागून आलेली म्हातारी कडेच्या काळ्या ढेकळांत कुशीवर पडली होती, एक पाय नको तसा वळलेला. शिवकांता धावत गेली आणि तिच्याजवळ गुडघ्यांवर बसली. म्हातारीनं तिचा हात झटकला. "माझं राहू दे, बाई. ती काळ्या तोंडाची गाभण हाय. तिला बघ आधी."

काळ्या तोंडाची मेंढी केव्हाच गेली होती. शिवकांतानं म्हातारीला तसं सांगितलं नाही.

मागून आलेल्या गाडीतून म्हातारीला धाराशिवच्या दवाखान्यात नेलं. तिचं नाव सिताबाई. खुब्याचं हाड मोडलं होतं. तासाभरात सगळा क्लब तिथं जमला. रॅली आहे तिथं सोडून आले सगळे. कुणी ओळखीच्या डॉक्टरला फोन लावला, कुणी औषधं आणली, कुणाच्या बायकोनं पिठलं-भाकरीचे डबे पाठवले. एवढी माणसं क्लबात कित्येक रविवार एकत्र आली नव्हती. वैजनाथनं महारुद्रच्या पाठीवर हात ठेवला. "पोलिसांशी मी बोलतो. मेंढरं एकदम आडवी आली. कुणाच्याबी गाडीखाली आली असती. सगळे हेच सांगू." सगळ्यांनी माना हलवल्या. महारुद्र बाकावर बसून भिंतीकडं बघत होता.

कळपाच्या पुढं लांब गेलेला सिताबाईचा मुलगा मल्हार मेंढरं कोंडून संध्याकाळी आला. पंचविशीतला, अंगावर घोंगडी, पाय धुळीनं भरलेले. शिवकांताला वाटलं, हा आता शिव्या देईल. त्यानं दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो आधी आईजवळ बसून आला आणि मग व्हरांड्यात तिच्यासमोर उभा राहिला.

"ताई, एक इचारू? माय म्हनती, मेंढरं आडवी आली न्हाईत. लांबून उतरत हुती. म्हनती, गाडीवाल्याचं तोंड तिनं बघितलं. माणूस घाबरतं, ब्रेक दाबतं, हात वर करतं. ह्यांच्या तोंडावर कायबी नव्हतं. जसं आमी तिथं नव्हतोच. माय म्हातारी झाली, तिला भास झाला का?"

वैजनाथ पुढं झाला. "अरे बाबा, अपघातात माणसाला काय काय वाटतं..."

"भास नाही झाला," शिवकांता म्हणाली. "त्यांना बाजूचं दिसत नाही. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली होती. मला माहीत होतं."

मल्हारनं मान हलवली, 'बरं' म्हणाला आणि आत आईकडं गेला.

पुढं जे व्हायचं ते झालं. जबाब झाला, केस झाली, महारुद्रचं लायसन गेलं. वैजनाथ एकदा घरी आला, उंबऱ्याच्या आत मात्र आला नाही. "वहिनी, आमी सगळे त्याच्या पाठीशी हुतो," तो म्हणाला. "तुमीच नव्हता." क्लब बंद केला असं कुणी जाहीर केलं नाही. पहिल्या रविवारी शिवकांतानं सुशीला केली आणि दुपारी ती पातेल्यासकट मोलकरणीला देऊन टाकली. पुढच्या रविवारी केली नाही.

दुकान आता पुतण्या बघायचा. महारुद्र ओसरीत खुर्ची टाकून बसायचा. थेंब वेळेवर घालून घ्यायचा, ती घालताना मान वर करायचा, पण बोलायचा नाही. ती वाट बघत होती, की हा एकदा चिडेल, भांडेल. तो बोलला तो महिन्या-दीड महिन्यानं, थेंब घालून डोळे मिटलेले असताना.

"सोलापूरहून येताना तू नको म्हणली असतीस, तर मी थांबलो असतो," तो म्हणाला. "मला सांगायचं तिथं गप्प बसलीस. आणि गप्प बसायचं तिथं बोललीस."

शिवकांता बाटलीचं टोपण लावत राहिली. त्यात खोटं काहीच नव्हतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती एसटीनं सिताबाईकडं जायला लागली. पत्र्याच्या दोन खोल्या, बाहेर लिंबाखाली बाज. सिताबाई बाजेवर पडलेली असायची. हाड जुळलं होतं, पण पाय टेकत नव्हता. दिवसभर वाड्याकडं, जिथं मेंढरं बसायची तिथं, ती तोंड करून असायची. सून शिवकांताला कोरा चहा आणून द्यायची आणि लगेच आत जायची. कप परत न्यायला मात्र ती कधी आली नाही. तो शिवकांताच विसळून ठेवायची.

एकदा वाडा अगदीच रिकामा दिसला. एक कोकरूसुद्धा नव्हतं.

"इकली," सिताबाई म्हणाली. "एकट्या मल्हारच्यानं व्हईना. एकानं पुढं चालायचं, एकानं मागं. मागं मी असायची. आता पवनचक्कीवर वॉचमन लागलाय त्यो." तिनं मान वळवली. "तुमी खरं बोललात म्हनं. पोरगं म्हनत हुतं, त्या बाईनं आपल्या मालकाच्या इरुद्ध खरं सांगितलं."

"हो."

"त्यानं काय झालं मग?"

टोमणा नव्हता तो. म्हातारी खरंच विचारत होती. लिंबाखाली लेंड्या वाळून पडल्या होत्या, कोंबड्या त्या उकरत होत्या.

"काही नाही झालं," ती म्हणाली.

सिताबाई हूं म्हणाली. "उशी जरा वर घ्या," म्हणाली. शिवकांतानं तिला काखेत हात घालून बसतं केलं, उशी वर घेतली. म्हातारी हलकी होती. पाठीला घोंगडीचा वास होता.

घरी पोचली तेव्हा महारुद्र ओसरीतच होता. ती शेजारच्या पायरीवर टेकली. बसच्या धुळीनं तोंड खरखरीत झालं होतं.

"त्यांनी मेंढरं विकली," ती म्हणाली.

"सगळी?"

"सगळी."

महारुद्र उठला, भिंतीला हात लावत लावत आत गेला, आणि आतून टीव्हीवरच्या बातम्या मोठ्यानं सुरू झाल्या. शिवकांता उठली. रात्रीच्या स्वयंपाकाचं पीठ मळायचं राहिलं होतं.