एक विषय, दोन गट

आमच्या महाविद्यालयात कला शाखेच्या विद्यार्थ्याला केवळ आवडीचे विषय घेऊन पदवी मिळत नाही. भाषा, समाज, गणित, कला आणि विज्ञान अशा पाच गटांतून प्रत्येकी एका तरी विषयात त्याला उत्तीर्ण व्हावे लागते, आणि विज्ञानाच्या विषयाला प्रात्यक्षिकाची जोड असावी लागते. कोणता विषय कुठे धरायचा हे सांगायला प्रत्येकाला एक मार्गदर्शक शिक्षक नेमून दिलेला असतो. मी साहित्य शिकवतो आणि गेली अकरा वर्षे असा मार्गदर्शकही आहे. नियमांची पुस्तिका मी शेवटची कधी उघडली होती, हे मात्र मला सांगता आले नसते.

ती माझ्याकडे आली तेव्हा चौतीस वर्षांची होती. सकाळभर एका रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरी धुवायची आणि तिथून थेट वर्गात यायची. दुसऱ्या वर्षी एकदा तिने मला दारातच गाठले.

"सर, 'विज्ञानाचा इतिहास' हा विषय समाजातही धरतात आणि विज्ञानातही, असं वर्गात कुणीतरी म्हणत होतं. खरं आहे का? तसं असेल तर माझी प्रात्यक्षिकं वाचतील. ती सकाळची असतात, आणि सकाळी मला कामावरून सोडत नाहीत."

मी खोलीला कुलूप लावत होतो.

"धरा की दोन्हीकडे," मी म्हणालो. "ज्ञानाला कुठे भिंती असतात?"

हे वाक्य मला इतके आवडले की त्याच आठवड्यात मी ते असेच विचारायला आलेल्या आणखी दोघा विद्यार्थ्यांना ऐकवले.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी पदवीच्या यादीत तिचे नाव आले नाही. शिक्षक-प्रशिक्षणाची जागा तिला मिळाली होती, पण पदवी याच वर्षाची असेल तर. आम्ही दोघे परीक्षा विभागात गेलो. तिथल्या बाईंना सगळे मागून 'चाळणी' म्हणतात. त्यांच्या हाताखालून खडा कधी सुटत नाही.

"एक विषय एकाच गटात," बाई पुस्तिकेवर बोट ठेवून म्हणाल्या. "पान नऊ. विज्ञानाचा गट रिकामाच आहे तुझा. आणि अर्जावर खाली काय लिहिलंय? 'मी नियम स्वतः वाचले आहेत.' सही तुझीच ना?"

"माझीच."

"मग दोन्हीकडे धरायची अक्कल कुणी दिली तुला?"

तिने माझ्याकडे पाहिले. मी टेबलावरच्या स्टेपलरकडे पाहत राहिलो. खिडकीपाशी पंखा कागद फडफडवत होता, आणि मला बोलायला पुरेसा वेळ होता.

"माझ्याच समजण्यात चूक झाली असेल," ती म्हणाली.

"होतं असं कधी कधी," मी म्हणालो.

आम्ही बाहेर आलो. तिने मला वाचवले होते आणि मी मुकाट्याने वाचलो होतो. काहीतरी बोलायला हवे म्हणून मी म्हणालो, "तुम्ही मला सांभाळून घेतलंत. फार मोठं मन आहे तुमचं."

ती परत आलेला अर्ज पिशवीत सारत होती.

"मन कसलं, सर. प्रशिक्षणाला लागणारं शिफारसपत्र अजून तुमच्याकडेच आहे ना. नऊ दिवस झाले मागून."

त्यात टोमणा नव्हता. बसची वेळ सांगावी तसे तिने ते सांगितले. मी ज्याला तिचा मोठेपणा समजलो होतो, तो तिचा हिशेबीपणाही नव्हता. तो साधा धाक होता, आणि तो माझा होता. अकरा वर्षांत मला तो कधी दिसला नव्हता.

तिला बाकावर थांबवून मी खोलीत गेलो आणि शिफारसपत्र लिहिले. पाकीट न चिकटवता तिच्या हातात दिले.

"वाचून घ्या. आता माझ्याकडे तुमचं काही अडकलेलं नाही. चला, पुन्हा बाईंकडे जाऊ."

ती लगेच उठली नाही. तिने पत्र शेवटपर्यंत वाचून, घडी करून ठेवले, आणि मग ती उठली.

बाईंसमोर मी एका कागदावर निवेदन लिहिले. त्यांनी ते वाचून माझ्याकडे परत सरकवले.

"'गैरसमज झाला' म्हणजे काय, सर? दिवे जातात तसा आपोआप? समितीपुढं जायचंय हे. कुणी केला ते लिहा."

मी नवा कागद घेतला. त्यावर लिहिले की या विद्यार्थिनीने मला विचारले होते, मी नियम न पाहता चुकीचे उत्तर दिले, आणि आज याच खोलीत मी ते लपवले.

"हे ठीक," बाई म्हणाल्या. मग तिच्याकडे वळल्या. "चूक मार्गदर्शकाची आहे असं लेखी असेल, तर सुट्टीत विज्ञानाचा प्रात्यक्षिकासह वर्ग करून याच वर्षाची पदवी देता येते. समितीला पटलं तर हं. तीन आठवडे, रोज सकाळी."

"बिनपगारी रजा काढीन," ती म्हणाली.

"आणि सर, तुम्ही सह्या केलेले सगळे अर्ज आता पुन्हा तपासले जातील."

मला ते दोघे आठवले, ज्यांना मी माझे वाक्य ऐकवले होते. त्यांची नावे मी बाईंना सांगितली.

बाईंनी निवेदन तिच्यापुढे ठेवले. "वाच आणि खरं असेल तर खाली सही कर. या वेळी मात्र खरंच वाच."

तिने ओळींखालून बोट फिरवत वाचले. पेन उचलले, आणि परत ठेवले.

"सर, एक राहिलं. मी दोनदा विचारलं होतं. अर्ज भरायच्या दिवशी परत आले होते. तुम्ही म्हणालात, 'एकदा सांगितलं ना?'"

मला ते आठवत नव्हते. आठवत नाही, असे म्हणायला तोंडही नव्हते. मी कागद माझ्याकडे घेतला आणि 'विचारले होते'च्या आधी 'दोनदा' लिहिले. वाढवलेल्या शब्दाशेजारी सही लागते, असे बाई म्हणाल्या. मी सही केली. तिने ती नीट पाहिली आणि मगच खाली आपली केली.